डॉसमधली खतावणी लेझर प्रिंटरवर

डॉसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणकप्रणालीतल्या, प्रोग्रॅमला प्रिंटर नावाची वस्तू माहीत नसते. त्याला माहीत असतं ते एलपीटी-वन. मशीनच्या पाठीमागचं पंचवीस भोकांचं ते पोर्ट. त्यात एकामागून एक बाईट ढकलले की त्याचं काम संपलं. पलीकडचा प्रिंटर कोणत्या कंपनीचा, त्याला काय समजतं, याची चौकशी तो करत नाही. आजच्या मशीनला ते पोर्टच नसतं, आणि यूएसबीला लावलेला स्वस्त लेझर प्रिंटर तर साधा मजकूर वाचायलाही शिकलेला नसतो. त्याला विंडोजच्या ड्रायव्हरने पानाचं तयार चित्र करून द्यावं लागतं. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माझ्यासारख्याकडे हे दुखणं वर्षातून एकदा तरी येतंच. मार्केट यार्डातला आडत्या असतो, जिनिंगवाला असतो, कधी एखादी पतसंस्था.

हे काम पतसंस्थेचं. रोजचा व्यवहार त्यांनी नव्या सॉफ्टवेअरवर नेऊन बरीच वर्षं झाली होती. पण ते बसवणाऱ्यांनी जुन्या खात्यांच्या फक्त अखेरच्या शिल्लका पुढे आणल्या, व्यवहार आणले नाहीत. हे सगळीकडेच असं होतं, आणि त्या वेळी कोणाला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते थकीत कर्जदारावर कारवाई करायची वेळ आली की. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मागायचा, तर अर्जासोबत कर्ज दिल्या दिवसापासूनचा खातेउतारा लागतो. भरणा कधी आला, व्याज कसं लागलं, सगळं ओळीओळीने. आणि हा उतारा होता फॉक्सप्रो या डॉसच्या काळातल्या डेटाबेस-भाषेत लिहिलेल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, एका कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या पेंटियम मशीनवर. उतारा लागला की मॅनेजरसाहेब ते मशीन चालू करायचे, १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स, म्हणजे पिनांनी ठिपके ठोकून छापणारा प्रिंटर, घरघरायचा, काम व्हायचं.

मग ते मशीन सुरूच होईना. झाकण काढलं तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. प्रिंटरच्या हेडच्या काही पिनाही गेल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या मधून पांढरी रेघ जात होती. हार्ड डिस्क मात्र धड होती. ती अडॅप्टरने माझ्या मशीनला जोडली, सगळा फोल्डर उतरवून घेतला, आणि त्या फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवून दिली.

इथे कोणीही विचारेल, आणि संस्थेच्या क्लार्कताईंनी विचारलंच, की डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटाच्या, फाइली आहेत तर थेट एक्सेलमध्ये उघडून छापा ना. उघडतात की. लिबरऑफिसही उघडतं. पण फाइलीत आहेत ते नुसते व्यवहार. व्याजाची आकारणी, दंडव्याज, मध्येच बदललेले दर, हे सगळं प्रोग्रॅमच्या पोटात, आणि प्रोग्रॅम म्हणजे कंपाइल केलेली, आतलं वाचता न येणारी एक्झी फाइल. सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, कोणाकडे नाही. लिहिणारा प्रोग्रॅमर गाव सोडून गेलेला. शिवाय याच कर्जांचे काही उतारे आधी दाखल झालेले होते. नवा उतारा त्यांच्याशी पैशापैशाने जुळला नाही, तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार. तेव्हा एवढं पक्कं होतं: प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. तो जे एलपीटी-वनला सांगतो, ते मध्ये अडवायचं आणि आपण कागदावर उतरवायचं.

प्रोग्रॅम चालवणं हा भाग सोपा निघाला. ६४ बिटच्या विंडोजमध्ये डॉसचे १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, त्यासाठी लागणारा भागच मायक्रोसॉफ्टने तिथे दिलेला नाही. ३२ बिटच्या विंडोज १० पर्यंत तो मिळायचा. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये नाहीच. म्हणून आजच्या विंडोजमध्ये जुन्या डॉस मशीनचं सोंग घेणारं डॉसबॉक्स-एक्स घेतलं. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनलेलं, छपाईचं त्याला वावडं. त्यातूनच पुढे निघालेल्या या एक्स आवृत्तीत मात्र पॅरलल पोर्टची, म्हणजे त्या एलपीटी-वनची, सोय आहे. पोर्टवर आलेला मजकूर फाइलीत टाक, असं सांगता येतं.

मेनू आला, पासवर्ड घेतला, खाते क्रमांक टाकला, आणि पडद्यावर कर्जदाराच्या नावाच्या जागी हे आलं: ╚┌╜▄╤.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "डेटा गेला वाटतं."

गेला नव्हता. ते "पाटील" होतं. जुन्या मशीनच्या आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे जादा कार्ड बसवायच्या खाचेत, एक जिस्ट कार्ड होतं. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलं. एकेकाळी डॉसवर मराठीत काम करायचं तर हे कार्ड बसवत. पडद्यावर आणि कागदावर देवनागरी उमटवायचं काम ते कार्ड करायचं. फाइलीत मात्र फक्त इस्कीचे आकडे असायचे. इस्की म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली प्रमाण सांकेतिक लिपी, १९९१ चं भारतीय मानक आयएस १३१९४. त्यात प म्हणजे २००, आकार २१८, ट म्हणजे १८९, दीर्घ वेलांटी २२०, ल म्हणजे २०९. कार्ड नसलं की डॉस हेच आकडे आपल्या कॅरेक्टर सेटमधून, म्हणजे अक्षरांच्या ठरलेल्या यादीतून, दाखवतो, आणि तिथे त्या जागांवर तक्ते आखायच्या रेघा बसवलेल्या आहेत. म्हणून प्रत्येक पाटील असा चौकटीत अडकलेला.

मला तर हे पाहून बरं वाटलं. नावं एखाद्या फॉन्टच्या खास कोडिंगमध्ये असती, तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार भलतीकडे, अशी उलथापालथ निस्तरण्यात डोकं गेलं असतं. इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने येतात आणि युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या देवनागरी भागाची मांडणीही इस्कीवरूनच बेतलेली आहे. एकास एक तक्ता करायचा, दोन-चार अपवाद सांभाळायचे, झालं.

छपाईकडे वळण्याआधी, यार्डातली गिऱ्हाइकं जी सोपी युक्ती वापरतात ती सांगून टाकतो. प्रिंटर यूएसबीचा का असेना, डॉट मॅट्रिक्स असेल तर तो विंडोजमध्ये शेअर करायचा आणि नेट यूज या आज्ञेने एलपीटी-वन त्या शेअरला जोडून द्यायचा. बाईट जसेच्या तसे प्रिंटरपर्यंत जातात. डॉट मॅट्रिक्सला ती भाषा येते, त्यामुळे पट्टी आधीसारखीच निघते: माल, वजन, दर, हमाली, तोलाई, वाराई, खाली निव्वळ रक्कम. तीन प्रतींचा कार्बनचा कागदही चालतो. लेझरचं तसं नाही. ड्रायव्हरवर जगणाऱ्या लेझरला असे बाईट पाठवले तर एक तर दिवा लुकलुकतो आणि काहीच येत नाही, नाही तर पानामागून पान नुसत्या खुणा पडत राहतात.

यातली मधली जातही असते. ऑफिसातले महाग नेटवर्क प्रिंटर पीसीएल ही भाषा जाणतात, त्यांना साधा मजकूर वाचता येतो. पण त्यातही गंमत आहे. एका जिनिंगमध्ये असा प्रिंटर लावल्यावर बिलाचं डोकं एका पानावर आणि बाकीचं बिल दुसऱ्या पानावर यायचं. दर बिलाला. कारण असं की जुना प्रोग्रॅम ठळक अक्षर सुरू करायला एस्केप आणि कॅपिटल ई हे दोन बाईट पाठवतो, एप्सन कंपनीच्या डॉट मॅट्रिक्सची ती रीत. पीसीएलमध्ये नेमके तेच दोन बाईट म्हणजे "सगळं पूर्ववत कर". मग प्रिंटर हातातलं अर्धं पान बाहेर टाकतो आणि नव्याने सुरुवात करतो. कोणाचंच चुकलेलं नसतं.

पतसंस्थेत होता तो ड्रायव्हरवर जगणारा लेझर, त्यामुळे फाइलीत अडवण्याला पर्याय नव्हता. प्रिंटफिल, डॉसपीआरएन असे तयार प्रोग्रॅम या कामासाठी मिळतात. नुसत्या इंग्रजी मजकुरासाठी मी तेच सुचवतो, उगाच आपलं डोकं चालवू नये. इथे इस्की होतं, म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतःच लिहायला बसलो.

पहिली अडवलेली फाइल डॉसच्या कॅरेक्टर सेटमध्ये उघडली तेव्हा संस्थेच्या नावाआधी दोन सूर दिसत होते, ♫, आणि पुढे एक सूर्य, ☼. सूर म्हणजे १४ क्रमांकाचा बाईट, या ओळीपुरतं दुप्पट रुंद अक्षर. सूर्य म्हणजे १५, इथून पुढे बारीक अक्षर. १८ आला की बारीक बंद. १२ म्हणजे पान सोडा. एस्केपनंतर सी आणि ७२ म्हणजे पान बहात्तर ओळींचं, कारण कागद १५ बाय १२ इंची आणि इंचाला ६ ओळी. त्या जुन्या प्रोग्रॅमरने कागदाचा हिशेब नीट केला होता. साठाव्या ओळीला तो पान सोडायचा. आणि तक्त्याच्या रेघा त्याने डॉसच्या रेघांनी न आखता साध्या वजाच्या चिन्हांनी आखल्या होत्या, त्यामुळे एकही रेघ चुकून "द" झाली नाही. १९६ हा आकडा डॉसमध्ये आडवी रेघ आहे आणि इस्कीत द. भेट झाली असती तर मी त्याला चहा पाजला असता.

अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. छोटे उतारे नीट येत, मोठ्या खात्याचा उतारा दोन फाइलींत तुटे. पहिली फाइल मध्येच थांबलेली, पुढचं दुसरीत. डॉसच्या प्रोग्रॅमला "छपाई संपली" असं सांगायची रीतच नाही. तो बाईट पाठवतो, आणि पाठवायचे थांबतो. डॉट मॅट्रिक्सला फरक पडत नव्हता. आली ओळ की छाप, नाही आली तर गप्प बस. पण फाइल कधी तरी बंद करावी लागते, आणि ती कधी करायची हे डॉसबॉक्स-एक्स घड्याळ लावून ठरवतं: अमुक वेळ नवा बाईट आला नाही, की काम संपलं असं समज. या प्रोग्रॅमला व्याजदर बदललेल्या ठिकाणी सगळी आकारणी पुन्हा करायला वेळ लागे, तेवढ्यात घड्याळ संपे. ती मुदत वाढवली आणि उतारा सलग आला. त्याची किंमत एवढीच की प्रिंटची आज्ञा दिल्यावर आता थोडा वेळ काहीच घडत नाही. क्लार्कताई तेवढ्यात पुन्हा प्रिंट मारायच्या आणि उताऱ्याच्या दोन प्रती यायच्या. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यात "उतारा तयार होत आहे, थांबा" अशी पाटी टाकली.

मग कॉलम. सगळा उतारा बाईटांच्या मापाने मांडलेला. नावाला तीस जागा, तारखेला दहा, मग नावे, जमा, शिल्लक. "पाटील" इस्कीत पाच बाईट, पण कागदावर जेमतेम तीन अक्षरांची जागा घेतो. आधी युनिकोड करून मग ओळ छापली तर नावापुढचे सगळे आकडे डावीकडे सरकतात, आणि प्रत्येक ओळीत वेगवेगळे सरकतात. शिल्लकेचा आकडा जमेच्या खाली आला तर तो उतारा कशाचा? म्हणून उलट केलं. ओळ अजून बाईटांत असतानाच तिचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा कितव्या बाईटला सुरू होतो ते टिपलं, मग तुकडा युनिकोडमध्ये नेला आणि पानावर मोजून त्याच जागी ठेवला. यासाठी एचटीएमएल, म्हणजे वेबसाइटचं असतं तसं, पान करून ब्राउझरकडून पीडीएफ करून घेतलं, कारण जोडाक्षरं जुळवायचं काम ब्राउझरला चांगलं जमतं.

इस्कीतले अपवाद मला सगळ्यात आवडले. "कऱ्हाड" मधला तो अर्धा ऱ. इस्कीत त्यासाठी वेगळा र आहे, २०८, त्याच्यापुढे हलंत २३२, मग ह. ज्या क्लार्कला हे माहीत होतं त्याने तसं टाइप केलं, ज्याला नव्हतं त्याने साधा र घेतला, तिथे "कर्हाड" झालं. एकाच कर्जदाराचा पत्ता दोन ठिकाणी दोन प्रकारे. मॅनेजरसाहेबांना ते सुधारून हवं होतं. मी नाही म्हटलं. उतारा पुरावा म्हणून जाणार, त्यात जे नोंदलंय तेच छापायचं. एका ठिकाणी मात्र बदल केला, आणि तो त्यांना सांगून: जामीनदारांत वकील बरेच होते आणि त्यांच्या नावाआधी "ऍड." होतं. आपण आज "ॲड." लिहितो, पण हे ॲ अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. इस्कीत त्याच्या जागी ऍ वापरत. हा नोंदीतला फरक नाही, अक्षराच्या आकाराचा आहे, म्हणून तक्त्यातच ॲ बसवला.

कागदाचा प्रश्न मी सोपा समजत होतो. १३२ कॉलम एफोरवर. कागद उभा धरला तर अक्षर सात पॉइंटांचं होतं, आणि उतारा ज्यांनी वाचायचा ते चेअरमन सत्तरीचे. आडवा धरला तर रुंदी भरपूर, पण उंचीत साठ ओळी बसवायच्या म्हणजे ओळीला सव्वानऊ पॉइंट. पान कमी ओळींवर तोडावं, तर प्रत्येक पानाच्या तळाला पानाची बेरीज आणि पुढच्या पानाच्या माथ्याला "मागील पानावरून". ते प्रोग्रॅमनेच छापलेलं. पान दुसरीकडे तोडलं की बेरीज पानाच्या मधोमध येणार. तेव्हा साठच्या साठ ओळी ठेवल्या. आकडे साडेआठ पॉइंट, देवनागरी साडेसात, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकत होता. डावीकडे दोन इंच कागद उरला, तो पंच करून फाइलीला लावायला उपयोगी पडला.

तपासणी सरळ केली. संस्थेच्या कपाटातून आधी दाखल केलेल्या उताऱ्याची कार्यालयप्रत काढली. कडेला भोकांच्या पट्ट्या अजून तशाच असलेला तो लांबरुंद कागद. त्याच खात्याचा, त्याच तारखेपर्यंतचा उतारा लेझरवर काढला. क्लार्कताई जुना वाचत गेल्या, मी नव्यावर टिक करत गेलो. दंडव्याजाच्या ओळीतले पैसे, पानाच्या बेरजा, शेवटची येणेबाकी, सगळं जुळलं. पानांची संख्यासुद्धा.

यानंतर संस्थेच्या वकिलांनी एक काम वाढवलं, आणि ते बरोबरच होतं. असा उतारा इलेक्ट्रॉनिक नोंदीचा, त्याला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खाली देत, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक पक्षकाराने भरायचा, एक तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलीचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या बाईटांवरून काढलेला, एक बाईट बदलला तरी बदलणारा आकडा, लिहावं लागतं. म्हणून पायथनमध्ये एक पायरी जोडली: एलपीटी-वनवरून आलेली मूळ फाइल, एक बाईटही न बदलता, खाते क्रमांक आणि तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची, तिचं एसएचए-२५६ पद्धतीचं हॅश काढून शेजारी लिहून ठेवायचं. पीडीएफ हे त्या फाइलीचं वाचण्याजोगं रूप, पुरावा ती फाइल. तज्ज्ञाचा भाग मी भरला नाही. तेवढी कागदोपत्री लायकी माझ्याकडे नाही, वकिलांनी त्यासाठी दुसरा माणूस पाहिला. मी काय केलं, कोणत्या क्रमाने केलं, ते एका पानावर लिहून त्याला दिलं.

मॅनेजरसाहेबांना आता जुन्या प्रोग्रॅममधल्या ठेवपावत्याही लेझरवर हव्या आहेत. त्या छापील नमुन्यावर, कार्बनच्या दोन प्रतींत निघायच्या. लेझर कार्बन उमटवत नाही, आणि एकच पावती दोनदा छापून एकीवर "दुय्यम प्रत" असा शिक्का मारणं मला पटत नाही. डॉट मॅट्रिक्स आजही नवा मिळतो, यूएसबीचा. तो घ्या, नेट यूजने जोडून देतो, असं सांगून आलोय. संचालक मंडळाच्या बैठकीत विषय ठेवतो म्हणाले.